उणे अकरा

हलधर बरबायनांच्या अंगावर
आम्ही एकेचाळीस मणी चिकटवले,
वाटाण्याएवढे, पांढरे.
कॅमेऱ्याला तेवढेच दिसतात. माणूस दिसत नाही.
काळा तंग पोशाख त्यांनी दोन बोटांत लांब धरला,
मृदुपवनकडे बघत म्हणाले, हे तर सुसरीचं कातडं.
मग धोतरावरच पट्ट्या गुंडाळून भागवलं.
कोपराचा मणी घामानं दोनदा निसटला,
एक सत्रातल्या मांजरानं पळवला.

माजुली. अंगणात बांबूंना बारा कॅमेरे.
म्हातारबुवांनी प्रत्येकाला वाकून नमस्कार केला.
आठवा बंद होता. त्यालाही.

माटी-आखरा: मातीवरचा सराव.
सहाव्या वर्षी सुरू केला,
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अजून संपलेला नाही.
गुडघे बाहेर, पाठ ताठ,
आणि खोलावर थाप पडायच्या आधीच
(आमच्याकडं मृदंगाला खोल म्हणतात)
टाच पडली.

ती टाच मी चार महिने पुसते आहे.

गुवाहाटी, तिसरा मजला, एसी.
माझं काम साफ करण्याचं.
एखादा मणी हरवला
की शेजारच्या दोघांना विचारून
तो कुठं असेल ते ठरवायचं.
सेकंदाला एकशे वीस चित्रं.
एका हस्तमुद्रेत माझा अख्खा सोमवार गेला.

सॉफ्टवेअरला जमीन म्हणजे शून्य.
बरबायनांचं पाऊल उणे सात मिलिमीटर.
उणे अकरा.
एका गिरकीत उणे चौदा.
लाल इशारा येतो: पाय जमिनीत शिरला आहे.
त्याला बटण आहे. दाबलं
की सगळी पावलं वर येतात, शाळेतल्यासारखी रांगेत.
फक्त गुडघे मग थरथरतात,
कारण नसताना.

फोन लावला.
कोका, तुमचे पाय जमिनीत जातात.
मग कुठं जातील?
मी जमीन सपाट करून घेतली आहे, कोका.
पलीकडं आधी हसू, मग खोकला, मग पुन्हा हसू.
माजुलीत? सपाट?
कुठं सापडली तेवढं सांग, सत्र तिथं नेतो.
नदीपायी तीनदा हलवलंय,
चौथ्यांदा हलवू.

रात्री सगळे गेल्यावर
मी माणूस काढून टाकला.
मुद्रा, मनगटं, पाठ, मान,
एकेक मणी विझवला.
ठेवली फक्त जमीन.
पडद्यावर करडी, ओलसर माती
आणि कुणीच नसताना तिच्यात उमटत जाणारे खळगे.
टाच, चवडा, टाच.
मग बराच वेळ काही नाही, तिथं उडी आहे.
मग दोन्ही पाय एकदम,
खोल.

भादव्यात नदीनं ते अंगण नेलं.
पायाखालची वाळू सरकणं
ही आमच्याकडं म्हण नाही, बातमी आहे.
यंदा बातमीही आली नाही,
मांजराचं काय झालं तेही कळलं नाही.

त्यांना गुवाहाटीला आणलं, दाखवायला.
खुर्चीवर मांडी घालून बसले.
मृदुपवननं स्वच्छ केलेला सांगाडा नाचवला,
निळा, चकचकीत, शून्यावर.
चांगला मुलगा आहे, म्हणाले. कुणाचा?

मग मी माझी माती लावली.
ते मांडी सोडून पुढं वाकले.
नाव सांगितलं नव्हतं, तरी ओळखलं:
हे अंगण.
नामघराच्या बाजूला जरा उतार होता, तो आहे.
मी घाबरत विचारलं,
ती टाच, थापेच्या आधी पडते ती,
दुरुस्त करू?
नको. ती चूक माझी नाही, माझ्या गुरूंची.
त्यांच्याकडून घेतली, तशीच ठेवली.

वहीत लिहिलं: फ्रेम दोन हजार तीनशे सहा,
उणे अकरा, हात लावू नये.

पडद्यावर उडी आली. माती थांबली.
खुर्चीखाली त्यांची टाच
वेळेच्या किंचित आधी
फरशीवर पडली.
आवाज आला.
खळगा पडला नाही.